खुराड्याला भिंत कशाची? पत्रा, जाळी, वीट की तुराटीचा कुड

(बोललो ते जवळपास जसंच्या तसं लिहून काढलंय. अडखळलेली वाक्यं तेवढी सरळ केलीत, आणि मधेमधे आरवणारा कोंबडा वगळलाय.)



आजचा भाग मी आमच्या घराच्या मागच्या अंगणातून करतोय. सोलापूरपासून जरा बाहेर, मोहोळच्या रस्त्याला आमचं घर आहे. मागे जो कलकलाट ऐकू येतोय ना, तो इफेक्ट नाही, खऱ्या कोंबड्या आहेत. अठरा आहेत. रात्री मोजून आत घेतो म्हणून आकडा पाठ आहे.

मला बरेच जण विचारतात, "दादा, घरी दहा-पंधरा गावरान पाळायच्यात, खुराडं घरीच बनवायचंय, भिंती कशाच्या करू?" प्रश्न एका ओळीचा आहे. पण माझ्याकडे त्याचं एका ओळीचं उत्तर नाही, कारण ते शोधण्यात माझी दोन वर्षं, तीन खुराडी आणि सात कोंबड्या गेल्या. आज ते सगळं सांगतो. तुमच्या तरी जाऊ नयेत.

पहिलं खुराडं: डबा

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, घरून काम करतो. कोंबड्या आईच्या. खुराडं बनवायचं म्हटल्यावर मी काय केलं असेल? यूट्यूब उघडलं. तिथे सगळे व्हिडिओ अमेरिकेतले, इंग्लंडमधले. छान लाकडी फळ्यांचं घर, छोटी खिडकी, आतून थर्माकोल, फटी बुजवलेल्या. बघून वाटलं, झालं, हेच करायचं.

आता विचार करा, त्या माणसाचा प्रश्न काय आहे? त्याच्याकडे बर्फ पडतो. त्याच्या भिंतीचं काम ऊब आत धरून ठेवणं. आणि मी बसलोय सोलापुरात! ऑफिसमध्ये ज्युनिअर पोरांना मी कायम सांगतो, रिक्वायरमेंट समजून घेतल्याशिवाय कोड लिहायला बसू नका. स्वतःच्या अंगणात मी नेमकं तेच केलं.

लाकूड परवडेना, म्हणून घरात पडलेले पत्रे वापरले. तीन बाजूंनी पत्रा, वर पत्रा, पुढे दार आणि दाराला वीतभर जाळीची खिडकी. आईनं बघितलं आणि म्हणाली, "डबा केलास की रे." मी हसण्यावारी नेलं.

एप्रिल महिना. आई बार्शीला मावशीकडे लग्नाला गेली. जाताना सांगून गेली, "आठ वाजता सोड त्यांना." त्या दिवसांत गल्लीत मोकाट कुत्री फिरत होती. म्हटलं, साडेअकराला कॉल संपतोय, मग सोडू, म्हणजे लक्षही ठेवता येईल. नेमकं त्या दिवशी प्रॉडक्शनला काहीतरी बंद पडलं आणि कॉल दीडपर्यंत लांबला. उठलो, पाणी प्यायलो, आणि मग आठवलं.

दार उघडलं तर आतली हवा तोंडावर आली, वीटभट्टीजवळ उभं राहिल्यासारखी. अकरापैकी पाच मेल्या होत्या. पंख अंगापासून लांब पसरलेले, चोची उघड्या. त्यातली एक आईची तांबडी, खुडूक बसलेली. ती अंड्यांवरून उठलीच नव्हती.

आई संध्याकाळी आली. मला काही बोलली नाही. कोंबड्या आत घेताना मोजायची तिला सवय आहे. त्या दिवशी ती सहावर थांबली, आणि आत गेली. मला रागावली असती तर बरं वाटलं असतं.

त्या डब्यात नेमकं काय झालं?

हे नीट समजून घेऊ, कारण भिंतीचं सगळं गणित इथून सुरू होतं.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं. आपलं ३७. हवा अंगापेक्षा थंड असेल, तर अंगातली उष्णता आपोआप हवेत जाते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो. म्हणजे हवाच तिच्या अंगापेक्षा गरम. मग तिच्याकडे एकच उपाय उरतो, चोच उघडून धापा टाकायच्या आणि श्वासातून ओलावा बाहेर सोडायचा. तो ओलावा वाळतो तेव्हा अंग थंड होतं.

पण यासाठी दोन गोष्टी लागतात, प्यायला पाणी आणि हलती हवा. बंद डब्यात अकरा कोंबड्या धापा टाकतात, आतली हवा दमट होते, ती बाहेर जात नाही आणि ओलावा वाळणं थांबतं. वरून पत्रा उन्हानं तापून आतल्या बाजूला उष्णता फेकतोय. पत्रा पातळ असतो, तो काहीच अडवत नाही. अशा जागी कोंबडी काही तासांत मरते.

म्हणून पहिली गोष्ट लिहून घ्या. आपल्याकडच्या खुराड्याच्या भिंतीचं पहिलं काम वारा आत येऊ देणं. ऐकायला विचित्र वाटेल, पण आपल्याकडची चांगली भिंत निम्म्याहून जास्त उघडी असते.

दुसरं खुराडं: पिंजरा

आता माझी गाडी दुसऱ्या टोकाला गेली. मे महिन्यात सगळे पत्रे काढले आणि चारही बाजूंनी षटकोनी जाळी मारली. दुकानात हिला कोंबडी जाळी किंवा मुर्गी जाळी म्हणतात. स्वस्त, हलकी, घरच्या पकडीनं कापता येते. उन्हाचा त्रास थांबला. आईनं नवीन पिल्लंही उतरवली. मी खूश.

जूनमध्ये पहिला वळीव आडवा आला. जाळीतून पाणी थेट आत. खाली भुसा पसरलेला, तो भिजला. मी म्हटलं वाळेल. वाळला नाही. आठ-दहा दिवसांत पिल्लांना रक्ती हगवण लागली. हा रोग ओल्या, घाण झालेल्या तुसात फोफावतो. निम्मी पिल्लं गेली. मघाच्या सातात मी पिल्लं धरलेलीच नाहीत.

मग ऑगस्टमध्ये एका रात्री कुत्र्यानं खालून जाळी फाडली. हो, दातानं फाडली. ती तार सुतळीइतकी मऊ असते. दोन कोंबड्या गेल्या. पाच आणि दोन, सात.

षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवण्यासाठी आहे. कुत्र्याला किंवा मुंगसाला बाहेर ठेवण्यासाठी ती नाही. हा फरक मला कोणी सांगितला नव्हता.

आपल्या भागात कोण कोण येतं ते पण बघा. मुंगूस दिवसाउजेडी येतं, बिळासारखी फट शोधतं, नाहीतर खालून उकरतं. रात्री बोका, रानमांजर, कुत्री. घूस आणि उंदीर अंडी पळवतात, लहान पिल्लू ओढून नेतात. साप अंड्यांसाठी येतो. आणि माळाकडेला राहत असाल, म्हणजे नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूला वगैरे, तर कोल्हा, खोकड आणि लांडगासुद्धा आहे. त्यांची चूक नाही, माळ त्यांचाच आहे. भिंत नीट करणं आपलं काम.

भिंतीची पाच कामं

दोनदा हात पोळल्यावर मी शेवटी ते केलं जे आधी करायला हवं होतं. वही घेतली आणि भिंतीला काय काय करायचंय ते लिहून काढलं.

एक, वारा आत-बाहेर जाऊ देणं.
दोन, ऊन अडवणं.
तीन, शिकारी अडवणं.
चार, पाऊस अडवणं.
पाच, किडीला लपायला जागा न देणं.

आता गंमत बघा. या पाचही गोष्टी एकट्यानं करणारं एकही मटेरियल बाजारात नाही. जाळी एक नंबरचं काम छान करते, दोन आणि चारमध्ये नापास. वीट तीन आणि चारमध्ये पास, एकमध्ये नापास. म्हणून "भिंत कशाची करू" हा प्रश्नच थोडा चुकलाय. कोणत्या बाजूला आणि किती उंचीवर काय लावू, असं विचारायला हवं.

आधी दिशा

सामान आणायच्या आधी खुराडं कसं बसवायचं ते ठरवा. लांबीची बाजू पूर्व-पश्चिम धरायची. म्हणजे लांब भिंती उत्तरेला आणि दक्षिणेला, आणि आखूड भिंती पूर्वेला आणि पश्चिमेला.

कारण सोपं आहे. सोलापुरात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. म्हणजे कडक उन्हाळ्यात दुपारचं ऊन छपरावर पडतं, भिंतीवर नाही. भिंतीवर ऊन येतं सकाळी पूर्वेकडून आणि संध्याकाळी पश्चिमेकडून. त्यातलं पश्चिमेचं वाईट, कारण तोपर्यंत हवा आधीच तापलेली असते. म्हणून पूर्व-पश्चिमेच्या आखूड भिंती भरीव करायच्या, आणि उत्तर-दक्षिणेच्या लांब भिंती जाळीच्या. मोठे पोल्ट्री शेड तुम्ही हायवेवरून बघितले असतील, तेही असेच असतात. खाली फूट-दीड फूट वीट, वर सगळी जाळी, आणि छप्पर बाहेर काढलेलं. ते बघून मी कितीदा गेलो, पण कधी विचारच केला नव्हता की असं का.

एकेक सामान

आता पटापट एकेक घेऊ.

पत्रा. छपराला ठीक, तोही वरून चुना मारून किंवा पाचट टाकून. भिंतीला नको. लावायचाच असेल तर पाऊस येणाऱ्या बाजूला अर्ध्या उंचीपर्यंत लावा आणि वर जाळी सोडा.

जुना सिमेंटचा पत्रा. गोठ्यावरचे जुने काढलेले असतात, फुकट मिळतात. यात बऱ्याचदा ॲस्बेस्टॉस असतं. तो कापताना, भोक पाडताना जी धूळ उडते ती फुप्फुसाला कायमची इजा करू शकते. आहे तसा आहे तिथे राहू द्या. ग्राइंडर लावू नका.

प्लाय. एक पावसाळा. दुसऱ्या पावसाळ्यात फुगतो, तिसऱ्यात वाळवी.

फ्लेक्स. हसू नका, गावात निम्मी खुराडी फ्लेक्सचीच आहेत. साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, आठ दिवसांनी कोंबड्यांच्या भिंतीला. पावसाळ्यात वरखाली करायचा पडदा म्हणून फ्लेक्स झकास. कायमची भिंत म्हणून नको, वारा अडतो आणि उंदीर कुरतडतो.

शेडनेट, ती हिरवी जाळी. ऊन अडवते, बाकी काही नाही. बाहेरून जादा सावली म्हणून वापरा.

वेल्ड मेश, म्हणजे चौकोनी घरांची, जोड दिलेली जाळी. खरी कामाची ही. दुकानात दोन गोष्टी विचारायच्या, घर केवढं आणि गेज किती. गेजचा आकडा जेवढा लहान तेवढी तार जाड, हे उलटं आहे, लक्षात ठेवा. १६ गेजची तार दीड मिलिमीटरहून थोडी जाड असते, २२ ची त्याच्या निम्म्याहून कमी. मी खालच्या तीन फुटांना अर्धा इंच घर घेतलं, म्हणजे उंदीर आणि बहुतेक साप अडतात. वर एक इंच चाललं असतं, पण चिमण्या आत शिरून दाणे खातात म्हणून वरही अर्धाच घेतला. आणि फक्त दाण्यांचा प्रश्न नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हापासून बाहेरचा पक्षी कोंबड्यांपासून लांब ठेवा, हे सगळेच सांगतात. जाळी महाग आहे. पण मी दोन वेळा स्वस्त घेऊन बघितलं.

वीट. खालच्या दीड फुटाला वीटच. साधी लाल घ्या नाहीतर राखेची. आपल्याकडे एनटीपीसीचा औष्णिक प्रकल्प आहे, राखेची वीट सहज मिळते. एएसी ब्लॉक हलके असतात, ऊन चांगलं अडवतात, पण पाणी पितात आणि कडा पटकन तुटतात. ते लावले तर बाहेरून प्लास्टर करा.

आणि शहाबादी फरशी. हिच्यावर जरा थांबतो, कारण इथे मी तिसरी चूक करणार होतो.

"भिंत का भट्टी?"

शहाबाद आपल्याला जवळ, कलबुर्गी जिल्ह्यात. त्यामुळे सोलापुरात ओट्यापासून अंगणापर्यंत सगळीकडे शहाबादी. उभी फरशी जमिनीत गाडून कंपाउंड करतात, गोठ्याची भिंत करतात. घरी दहा-बारा फरश्या पडून होत्या. म्हटलं, पश्चिमेची भरीव भिंत हिचीच करू. दगड आहे, कुत्रा काय करणार!

शेजारचे तात्या बांधावरून बघत होते. म्हणाले, "काय करलालास बे? भिंत बांधलालास का भट्टी?"

मी म्हटलं, "तात्या, दगड थंड असतोय की."

ते म्हणाले, "रात्री जेवण झाल्यावर तुमच्या ओट्यावर बस जरा. मग सांग."

रात्री नऊला ओट्यावर बसलो. पश्चिमेची फरशी. सूर्य मावळून दोन तास झालेले, तरी खालून ऊब येत होती. दगड दुपारभर ऊन पितो आणि रात्रभर ते परत देतो. माणसाच्या घरात जाड भिंत चालते, कारण दुपारी आपण आत असतो. कोंबडी दुपारी झाडाखाली असते आणि रात्री आत. म्हणजे दगड ज्या वेळी गरमी बाहेर टाकणार, नेमकी त्याच वेळी ती भिंतीला टेकून बसणार!

हे मला कुठल्याच व्हिडिओत दिसलं नव्हतं. तात्यांना माहीत होतं, कारण त्यांच्या आईनं कोंबड्या कुडात पाळल्या होत्या.

कुड

कुड म्हणजे काय, हे नव्या पोरांना माहीत नसेल. तुरीचं पीक निघालं की तुराट्या उरतात. त्या उभ्या लावायच्या, आडव्या बांबूच्या कामट्यांनी आवळून बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीनं लिंपायचं. झाली भिंत. आजही शेतातल्या खोपीला दिसतो कुड. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत तुराट्या मिळतात, बहुतेक जण चुलीत घालतात.

पश्चिमेला कुड का चांगला? तुराट्यांच्या मधे हवा अडकलेली असते, त्यामुळे ऊन आत पोचायला वेळ लागतो. आणि भिंत हलकी असल्यामुळे ती दगडासारखी उष्णता साठवून ठेवत नाही. सूर्य गेला की थोड्या वेळात तीही गार.

मातीबद्दल एक सांगतो. मी शेतातली काळी माती आणली होती. तात्यांनी डोक्याला हात लावला. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या भिंतीला पडणार नाहीत का? जुने लोक शेताला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणायचे, ते उगाच नाही. धाब्याची घरं पांढऱ्या मातीचीच. आम्ही पडक्या वाड्याची पांढरी माती मालकाला विचारून आणली, त्यात गव्हाचा भुसा आणि शेण घातलं, पाणी मारून पाच दिवस मुरत ठेवलं आणि मग लिंपलं. पहिला हात वाळला, बारीक भेगा आल्या, त्या दुसऱ्या पातळ हातानं भरल्या. लिंपण आईनं केलं. माझा हात लागला तिथे अजून खड्डा दिसतो.

कुड थेट जमिनीवर उभा करायचा नाही. ओल आणि वाळवी खालून येते. दीड फूट विटेवर बसवायचा.

तिसरं खुराडं, मापासकट

आठ फूट बाय सहा फूट, उंची सहा फूट. आत अठ्ठेचाळीस चौरस फूट. रात्रीपुरत्या बसणाऱ्या कोंबडीला दोन चौरस फूट धरले तर चोवीस मावतात. मी अठरावर थांबलोय.

पाया. जमीन काळी असेल तर वर लगेच वीट रचू नका, भिंत तडकते. काळी माती काढून मुरूम भरा, पाणी मारून धुमसून घ्या, मग वीट.

खाली चारही बाजूंनी दीड फूट, साडेचार इंची वीट. घेर अठ्ठावीस फूट, म्हणजे बेचाळीस चौरस फूट, चौरस फुटाला पाच धरल्या तर साधारण दोनशे दहा विटा. दार विटेच्या वरूनच ठेवलं, उंबरा उंच.

विटेच्या वर साडेचार फूट. उत्तर आणि दक्षिण पूर्ण वेल्ड मेश, दोन्ही मिळून बहात्तर चौरस फूट. पूर्व आणि पश्चिम कुड, दोन्ही मिळून चोपन्न. कुडाच्या बाहेरून जुनी षटकोनी जाळी ताणून मारली, कुत्र्यानं नखं लावली तर लिंपण निघू नये म्हणून. टाकून द्यायची जाळी शेवटी कामाला आली.

मुंगसासाठी एक साधी युक्ती. भिंतीच्या बाहेर, जमिनीच्या चार बोटं खाली, फूट-दीड फूट रुंद जाळी आडवी अंथरायची आणि वर माती टाकायची. मुंगूस भिंतीच्या बुडाशी उकरतं, जाळी लागते, सोडून देतं. लांब जाऊन उकरावं एवढं त्याला सुचत नाही. आपल्यालाही बग शोधताना सुचत नाहीच.

पावसासाठी छप्पर दोन्ही लांब बाजूंना तीन फूट बाहेर काढलं. शिवाय फ्लेक्सचे पडदे. पडदा वरून खाली सोडायचा नाही, खालून वर चढवायचा. म्हणजे वरची फूटभर जागा कायम उघडी राहते, दमट हवा आणि विष्ठेचा उग्र वास तिथून निघून जातो, आणि पावसाची झड कोंबड्यांच्या अंगावर येत नाही. वासाची परीक्षा सोपी आहे. सकाळी आत जाऊन गुडघ्यावर बसा, कोंबडीच्या डोक्याएवढ्या उंचीवर. डोळे चुरचुरले तर वारा कमी पडतोय.

उन्हाळ्यात दुपारी दक्षिणेच्या जाळीला ओलं बारदान टांगतो. आपली हवा कोरडी आहे, म्हणून पाणी झपाट्यानं वाळतं आणि आत गारवा येतो. कूलर तरी दुसरं काय करतो? कोकणातले मित्र ऐकत असतील तर तुमच्याकडे हे चालणार नाही, हवा आधीच दमट. तुमच्याकडे जांभ्याचा चिरा आणि मोठं छप्पर, प्रश्न उन्हाचा कमी आणि ओलीचा जास्त.

कुडाचा तोटा

आता खरं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, याला कुडाचं वेड लागलंय.

पहिल्या पावसाळ्यानंतर कोंबड्यांचे तुरे फिके दिसायला लागले. अंडी घटली. दिवसा बघितलं, अंगावर काही नाही. आई म्हणाली, रात्री बघ. रात्री अकराला मोबाइलचा टॉर्च घेऊन गेलो. कुडाच्या भेगांतून आणि बसायच्या दांडीच्या टोकांतून गोचीड बाहेर येत होत्या.

कोंबडीची गोचीड दिवसा भेगेत लपते, रात्री रक्त पिते. कित्येक महिने उपाशी राहू शकते. खुराडं रिकामं ठेवून जात नाही. ही पाचव्या नंबरची रिक्वायरमेंट मी वहीत लिहिली होती आणि विसरलो होतो.

मग काय केलं? पशुवैद्यकांना विचारून औषध फवारलं. सगळ्या भेगा शेणमातीनं भरल्या, वरून चुन्याचे दोन हात. दांड्या काढता येतील अशा केल्या, महिन्यातून एकदा काढून उन्हात टाकतो, सांध्यांवर उकळतं पाणी ओततो. आता दिवाळीच्या आधी आणि होळीनंतर, वर्षातून दोनदा लिंपण आणि चुना. चुना भिजवताना डोळे सांभाळा, तो उसळतो. मोठ्या पोल्ट्रीत विटेच्या भिंतीवर आगीची ज्योत फिरवतात, ते कुडाला करू नका. का ते सांगायला नको.

म्हणजे कुड स्वस्त आहे, पण त्याला मेंटेनन्स आहे. तुमच्याकडे वर्षातून दोनदा हात माखायला कोणी नसेल, तर पूर्व-पश्चिमेलाही वीट घ्या, गुळगुळीत प्लास्टर करा, चुना मारा, आणि पश्चिमेला बाहेरून वेल लावा किंवा शेडनेट टांगा. भिंतीवर ऊनच पडलं नाही तर ती रात्री तापणार नाही. दोडका लावला तर भाजीही निघते.

पैसे कमी असतील तर

शेवटचं. सगळं एकदम परवडत नसेल तर क्रम असा ठेवा. पहिले पैसे खालच्या तीन फुटांवर घाला, वीट आणि चांगली जाळी. जे काही आत शिरतं ते बहुतेक तिथूनच शिरतं. मग छप्पर बाहेर काढा. पूर्व-पश्चिमेला तुराट्या, पराट्या, जे मिळेल ते. वरची जाळी सुरुवातीला षटकोनी चालेल, नंतर बदला. आणि दाराला कडी, साधी नको, खटक्याची. कुत्रं ढकलून बघतं.

आणि हे सगळं करून लस विसरू नका. कितीही चांगली भिंत राणीखेत रोग थांबवत नाही.

आमची सध्याची परिस्थिती अशी आहे. हा उन्हाळा पार पडला. ४३ अंशांच्या दुपारीही एक खुडूक आत बसली होती, पश्चिमेच्या कुडाजवळ. मी अर्ध्या अर्ध्या तासानं जाऊन बघत होतो. धापा टाकत होती, पण बसून होती. अकरा अंड्यांतून नऊ पिल्लं निघाली.

संध्याकाळी आई अजून मोजते. फक्त आता मोजून झालं की मला हाक मारून आकडा सांगते, "अठरा हाईत बघ." मी म्हणतो, "बरं." एवढंच. पण त्या हाकेच्या वेळी मी कॉल ठेवत नाही.

चला, आता थांबतो. बारदान भिजवायची वेळ झाली. तुमच्या गावाकडे भिंत कशाची करतात ते नक्की कळवा, आणि घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर व्हिडिओ बघायच्या आधी त्यांना विचारा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि कोंबड्या आठला सोडा.